एटीव्हीला घरगुती टेंपरेचर मीटर: सेन्सर नक्की कुठं बसवायचा?

बागाईतदार_तासगाव
मंडळी, आमच्याकडं एक जुनी सेकंडहँड एटीव्ही (रानात चालणारी चारचाकी बाइक) आहे. सिंगल सिलिंडर, पाण्यावर थंड होणारं इंजिन, पुढं रेडिएटर आणि मागं पंखा. द्राक्षबागेत छोटी ट्रॉली ओढायला ही गाडी फार कामाची. ट्रॅक्टर जिथं वळत नाही तिथं ही आरामात वळते. खताची पोती, क्रेट, तारा, बांबू, सगळं हिच्यावरच.

अडचण एवढीच की तापमानासाठी डॅशवर फक्त एक लाल दिवा आहे. एप्रिलात खरड छाटणीच्या काड्या ओढताना दिवसभर लो गिअरमध्ये, माणसाच्या चालीनं गाडी चालते. रेडिएटरला वारा असा लागतच नाही, पंखा अखंड फिरत असतो. दिवा अजून लागलेला नाही, पण आपण त्याच्या किती जवळ आहोत हे कळायला काही मार्ग नाही. माझं म्हणणं, दिवा लागल्यावर कळणं म्हणजे उशिरा कळणं. पारा चढताना दिसला पाहिजे.

तीन वाटा डोक्यात आहेत. एक, ट्रॅक्टरला येतं तसलं काट्याचं मीटर. दोन, एनटीसी सेन्सर (तापेल तसा विरोध कमी होणारा रेझिस्टर) आणि आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड). तीन, स्टीलच्या टोपीतला डिजिटल सेन्सर होज पाइपला बाहेरून बांधायचा. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा. आणि मुख्य म्हणजे सेन्सर नक्की कुठं बसवायचा?

डिझेलकाका
ट्रॅक्टरचं मेकॅनिकल मीटर घ्या आणि मोकळे व्हा. बल्ब, म्हणजे तापमान घेणारं टोक, पाण्यात, तिथून काट्यापर्यंत बारीक नळी. ना बॅटरी लागते ना प्रोग्राम. माझ्या डिझेल इंजिनावर कित्येक वर्षं चाललंय.

रानफिरस्ता
काका, ट्रॅक्टरवर चालेल, पण एटीव्हीवर त्या नळीचं काय? ती कापून लहान करता येत नाही. कापली की आतला वायू गेला आणि मीटर मेलं. उरलेली नळी गुंडाळून हँडलखाली ठेवायची, त्यात हँडल डावी-उजवीकडं वळणार, सिंगल सिलिंडरची थरथर. एक दिवस घासून तुटणारच.

डिझेलकाका
मीटर हँडलवर नको, टाकीच्या पुढच्या प्लास्टिकवर लावा. ते वळत नाही.

सोल्डरगन_सातारा
सातारा एमआयडीसीत इलेक्ट्रॉनिक्सचंच काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एनटीसीची वाट चांगली, पण इंटरनेटवरचं सर्किट जसंच्या तसं उचलू नका. बहुतेक ठिकाणी १० के (१०,००० ओहम) एनटीसीसोबत १० के रेझिस्टर दाखवतात. खोलीचं तापमान मोजायला ते ठीक. आपल्याला बघायचंय ८० ते ११० अंशांमध्ये काय चाललंय. ३९५० बीटाचा १० के एनटीसी २५ अंशांना १०,००० ओहम असतो, ८० ला सुमारे १,२७० आणि १०० ला जेमतेम ७०० ओहम. समोर १० के लावला तर १०० अंशांजवळ आर्डुइनोच्या १०२४ पायऱ्यांपैकी एका अंशाच्या वाट्याला दोनसुद्धा येत नाहीत. आकडा नुसता उड्या मारणार. तोच रेझिस्टर १ के लावा, एका अंशाला सातेक पायऱ्या मिळतात. बदल एका रेझिस्टरचा, फरक एवढा मोठा.

दुसरं म्हणजे सप्लाय. एनटीसीच्या जोडणीला आणि एडीसीच्या (आर्डुइनोतल्या व्होल्टेज मोजणाऱ्या भागाच्या) संदर्भाला एकच ५ व्होल्ट द्या, म्हणजे व्होल्टेज थोडं हललं तरी वाचन हलत नाही. बारा व्होल्ट चावीनंतरच्या वायरवरून घ्या, नाहीतर गाडी महिनाभर शेडमध्ये उभी राहिली की बॅटरी उतरलेली सापडेल. एक अँपियरचा फ्यूज, स्पाइक (व्होल्टेजचे झटके) खायला टीव्हीएस डायोड आणि त्यानंतर बाराचे पाच व्होल्ट करणारा बक कन्व्हर्टर. आर्डुइनो नॅनोच्या स्वतःच्या रेग्युलेटरवर चार्जिंगचे साडेचौदा व्होल्ट थेट टाकू नका, डिस्प्ले जोडला की तो भाजतो.

माणदेशी
एवढं सगळं कशाला? तो स्टीलच्या टोपीचा डीएस१८बी२० मिळतो की, पाण्यात बुडवला तरी चालतो. मी विहिरीच्या मोटारीच्या बॉडीला लावलाय. तीन वायरी, एक ४.७ के रेझिस्टर, संपला विषय. सव्वाशे अंशांपर्यंत मोजतो.

सोल्डरगन_सातारा
माणदेशी, मोटारीला झकास आहे. इंजिनाला लावायचा तर त्यात एक मेख आहे. तो सेन्सर चालू झाल्यावर पहिलं मोजमाप पूर्ण होईपर्यंत त्याच्या मेमरीत ८५ हा आकडा असतो, कंपनीनंच ठेवलेला. प्रोग्रामनं घाई केली किंवा थरथरीत वायर क्षणभर सुटून परत चिकटली, की स्क्रीनवर ८५. आता सांगा, गरम इंजिनाचं नेहमीचं तापमान काय असतं? ८५ च्या आसपासच. म्हणजे सेन्सर बिघडला तरी स्क्रीनवर सगळं आलबेल दिसणार. फ्रीजमध्ये ८५ दिसलं तर माणूस लगेच ओळखतो, इथं ओळखणार कसं?

शिवाय त्या टोप्यांना येणारी केबल बहुधा साध्या पीव्हीसीची असते. हेडला टेकली की मऊ पडते.

माणदेशी
हे ८५ चं माहीत नव्हतं. मोटारीवर मधूनच ८५ दिसायचं, मी बेअरिंगवर संशय घेऊन बसलो होतो. धन्यवाद.

लेथवाला_कुपवाड
आमचं काम आटे पाडायचं, तेवढ्यापुरतं बोलतो. वरच्या होजमध्ये (इंजिनातून रेडिएटरकडं जाणाऱ्या पाइपमध्ये) टी, म्हणजे सेन्सरसाठी भोक असलेला जोडतुकडा, बसवायची असेल तर आधी होजचा आतला व्यास व्हर्नियरनं मोजून आणा, अंदाजे नको. ॲल्युमिनियमचा तुकडा, दोन्ही टोकांना कडा उचललेली, नाहीतर क्लिप कितीही आवळली तरी दाबाखाली होज सरकतो. मधे सेन्सरसाठी भोक.

इथं एक घोळ नेहमी होतो. सेंडरचे, म्हणजे आटे असलेल्या सेन्सरचे, आटे कुठले ते बघा. १/८ एनपीटी आणि १० मिलिमीटर बाय १, दोन्ही हातात सारखेच वाटतात. एकाचे इंचाला २७ आटे, दुसऱ्याचे साधारण साडेपंचवीस. एकात दुसरा घातला तर दोन-तीन आटे गोड जातो, मग घट्ट लागतो. माणूस समजतो बसला. तो बसलेला नसतो, ॲल्युमिनियम कापत असतो. पिच गेज लावून बघा.

आणि एका वायरीचा सेंडर घेतला तर त्याचा अर्थ (अर्थिंग) बॉडीतून होतो. टीच्या दोन्ही बाजूंना रबर! अर्थ येणार कुठून? मीटर मेल्यासारखं पडून राहतं आणि गिऱ्हाईक म्हणतं सेन्सर खराब दिला. टीला एक बारीक बोल्ट ठेवून तिथून इंजिनाला वायर ओढायची, नाहीतर सरळ दोन वायरींचा सेन्सर घ्यायचा.

बागाईतदार_तासगाव
लेथवाले दादा, हे अर्थचं माझ्या डोक्यातच आलं नसतं. टी करायची तर तुमच्याकडंच येतो.

घाटवाट
जरा वेगळं मत मांडतो. मीटर नंतर, आधी रेडिएटर धुवा. बागेतल्या गाडीचा रेडिएटर मी जवळून बघितलाय. फिन्समध्ये (पातळ पत्र्यांच्या पट्ट्यांत) पानांचा चुरा, त्यावर बोर्डोचा, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या फवारणीचा, निळसर पांढरा थर, त्यावर धूळ. बोट फिरवलं तर पापुद्रा निघतो. मोरचूद आणि ॲल्युमिनियमचं मुळात जमत नाही, बोर्डोत चुना असतो म्हणून थोडं निभावतं. पंखा काढून मागच्या बाजूनं पुढं पाणी मारा, साध्या नळीनं. वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन जवळ धरला की फिन्स आडव्या होतात आणि होता तो वाराही बंद. निम्म्या गाड्यांचं तापणं इथंच संपतं. मग मीटर कशाला?

सोल्डरगन_सातारा
धुतल्यावर फरक पडला की नाही, हे मीटरशिवाय कळणार कसं?

घाटवाट
हे मान्य. पण क्रम तोच ठेवा.

पाचगणीकर
आमच्या भागात पर्यटकांना फिरवायच्या एटीव्ही बऱ्याच आहेत, त्यांची दुरुस्ती माझ्याकडं येते. दोन गोष्टी सांगतो.

पहिली, रेडिएटरची टोपी. सगळे सेन्सरवर बोलताहेत, टोपीवर कोणीच नाही. महाबळेश्वर साधारण साडेतेराशे मीटरवर, तिथं उघडं पाणी साडेपंच्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. तासगाव-सांगलीकडं साडेपाचशे मीटर धरा, तिथं अठ्ठ्याण्णव. टोपीवर १.१ बार लिहिलेलं असतं, त्या दाबामुळं उकळबिंदू एकशेवीसच्या घरात जातो, निम्मं कुलंट (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं द्रव्य) असेल तर अजून वर. टोपीचं रबर कडक झालं, दाब धरेना, की हे सगळं गेलं. मीटर ९८ दाखवतंय, तुम्ही म्हणताय अजून वाव आहे, आणि आत पाणी उकळतंय. म्हणून आधी नवी टोपी, मग मीटर.

दुसरी, बोअरचं पाणी घालू नका. आतून क्षार धरतात. तयार कुलंट किंवा डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळलेलं. आपल्याकडं बर्फ पडत नाही म्हणून कुलंट नको, असं म्हणणारे भेटतात. कुलंट गंज आणि उकळणं यांच्यासाठीही आहे.

आणि हो, गरम इंजिनाची टोपी उघडू नका. हे सगळ्यांना माहीत असतं तरी दर मोसमात एकाचा तरी हात भाजतो.

बाहावीर_इस्लामपूर
मस्त धागा! थोडं अवांतर. कॉलेजात असताना आमच्या टीमनं बाहासाठी, म्हणजे कॉलेजच्या मुलांनी गाडी बनवून पळवायच्या स्पर्धेसाठी, गाडी बनवली होती. तिचं ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं १० अश्वशक्तीचं इंजिन हवेवर थंड होणारं, त्यामुळं कुलंटच नाही. आम्ही स्पार्क प्लगच्या वॉशरखाली के टाइप थर्मोकपल (जास्त धग सोसणारा तापमानाचा सेन्सर) बसवलं आणि मॅक्स६६७५ चिपनं वाचलं. पिथमपूरच्या ट्रॅकवर जायच्या आधी इथं उसाच्या रानातल्या वाटेवर चाचण्या घ्यायचो. धातूचं तापमान किती पटकन बोलतं ते तिथं कळलं. चढावर थ्रॉटल दिला की लगेच आकडा हलायचा.

यावरून सुचतं, बागाईतदार, तुम्हीही पाण्याऐवजी धातूचं तापमान का मोजत नाही? थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडं पाणी सोडणारी झडप) हाउसिंगच्या एखाद्या बोल्टखाली.

लेथवाला_कुपवाड
धातू म्हणजे अंदाज. पाण्यात बुडलेला सेन्सर तो खरा. बोल्टखालच्यावर सायलेन्सरची धग लागते, वारा लागतो.

पाचगणीकर
लेथवाले, एरवी तुमच्याशी सहमत झालो असतो. पण वरच्या होजमधल्या टीबद्दल दोन गाड्यांचा अनुभव सांगतो.

एक गाडी आली, घरी बसवलेलं मीटर, टी वरच्या होजमध्ये. मीटर ५० च्या पुढं जाईना आणि लाल दिवा पेटलेला. मालक म्हणे दिव्याचा स्विच खराब. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला होता. पाणी इंजिनात उकळत होतं, होजमध्ये ते येतच नव्हतं. टी थर्मोस्टॅटच्या पलीकडं, तिला बिचारीला काय कळणार?

दुसरी जास्त वाईट. होजची क्लिप ढिली झाली, पाणी गळून गेलं. सेन्सर उघडा पडला. पाण्यात असताना ९५ दाखवणारं मीटर नुसत्या वाफ-हवेत हळूहळू ७० वर आलं. चालवणाऱ्याला वाटलं उतार लागला म्हणून गार झाली. पिस्टन चिकटेपर्यंत मीटर खाली उतरत होतं.

घाटवाट
हे वाचून अंगावर काटा आला. म्हणजे आकडा पडला तरी थांबायचं?

पाचगणीकर
कामात असलेल्या गाडीचा आकडा कारण नसताना भराभर पडला तर आधी इंजिन बंद, मग विचार.

सोल्डरगन_सातारा
प्रोग्राममध्ये हे घालता येईल. वरची मर्यादा ओलांडली तर बझर, आणि इंजिन चालू असताना दहा सेकंदांत पंधरा अंश पडले तरी बझर. थर्मोस्टॅट पहिल्यांदा उघडतो तेव्हा गार पाणी येऊन आकडा थोडा खाली जातो, म्हणून सुरुवातीची काही मिनिटं ही दुसरी अट बंद ठेवायची. वायर तुटली तर एडीसी सरळ १०२३ दाखवेल, त्यालाही वेगळी शिट्टी.

धातूचं म्हणाल तर मला बाहावीरचं पटतंय. पाणी गेलं तरी हेडचा धातू खोटं बोलत नाही, तो तापतच जातो.

रानफिरस्ता
अवांतर: ही एटीव्ही तासगाव ते मिरज रस्त्यानं आणता येईल का हो? भाऊ विचारतोय.

डिझेलकाका
भावाला सांगा टेम्पोत घालून आणायला. ही रानातली गाडी, रस्त्यासाठी पासिंग नसतं तिला.

बागाईतदार_तासगाव
सगळ्यांचं वाचून काम सुरू केलं, ते सांगतो.

घाटवाट म्हणाले त्या क्रमानं आधी रेडिएटर. पंखा काढला तर मागं पानांची गादीच होती. नळीनं हळूहळू धुतला. पाचगणीकर म्हणाले म्हणून नवी टोपी, मूळ टोपीवर होता तेवढ्याच दाबाची.

मग सेन्सर. पाइप न कापता काम करायचं ठरवलं. तांब्याचं एक रिंग लग घेतलं, जाड वायरीला बॅटरीकडं लावतात तसलं. त्याच्या नळकांड्यात काचेच्या मण्याचा एनटीसी सरकवला. दोन्ही पायांना वेगळी फायबरग्लास स्लीव्ह, म्हणजे तांब्याला टेकणार नाहीत. भरायला साधा दोन ट्यूबांचा इपॉक्सी घेतला नाही, तो इतक्या धगीला मऊ पडतो. जास्त तापमानाचा वापरला आणि रात्रभर सुकू दिला. लग थर्मोस्टॅट हाउसिंगच्या इंजिनाकडच्या बोल्टखाली, खाली थर्मल पेस्टचा पातळ थर, वरून सिलिकॉनचं टोपण म्हणजे वारा लागायला नको. सायलेन्सर दुसऱ्या बाजूला आहे.

बोल्टखाली एक जाडी वाढली म्हणून आटे पुरेसे धरतात का ते आधी तपासलं. धरतात.

तपासणी स्वयंपाकघरात केली. लग उकळत्या पाण्यात धरलं तर मीटर ९७ आणि ९८ मध्ये हलत होतं. पाचगणीकरांनी आकडा सांगितला नसता तर १०० यावं म्हणून प्रोग्राममध्ये खोटी दुरुस्ती करून बसलो असतो.

लेथवाला_कुपवाड
काम नीट केलंय, मानतो. तरी गाडी कधी उघडलीत तर हेडला एक भोक मारून सेंडर आत घाला. मी फुकट आटे पाडून देतो.

बाहावीर_इस्लामपूर
डिस्प्ले कुठला घेतला? आम्ही ओलेड घेतला होता, भर उन्हात काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

बागाईतदार_तासगाव
लाल आकड्यांचा चार अंकी, वर काळ्या पाइपच्या तुकड्याची सावली. तरी दुपारी बारा वाजता वाचायला त्रासच होतो. म्हणून तीन मोठे एलईडी लावले, हिरवा, पिवळा, लाल. चालवताना आकडा कोण वाचतो? पिवळा लागला की डोळ्याच्या कडेला कळतं.

आकडे सांगतो. रिकाम्या गाडीला ८० ते ८६. पंखा ९३ च्या आसपास सुरू होतो आणि ८७ ला बंद. भरलेली ट्रॉली, लो गिअर, वारा पाठीमागून, अशा वेळी ९७. तिथून ओळीच्या टोकाला वळून वारा समोरून घेतला की दोन-तीन अंश लगेच उतरतात. वाऱ्याच्या दिशेचा इतका फरक पडत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. आता भरल्या ट्रॉलीची फेरी वाऱ्याला तोंड करून आणि रिकामी पाठ करून, असा मार्ग लावलाय. घरची माणसंही आता विचारतात, आज किती गेलं?

पिवळा १०० ला, लाल आणि बझर १०६ ला ठेवलाय. कंपनीचा लाल दिवा तसाच आहे, त्याच्या वायरीला हात लावलेला नाही.

सोल्डरगन_सातारा
कंपनीचा दिवा ठेवलात हे उत्तम. आपलं घरचं बंद पडलं तरी तो आहे. एक सुचवतो, पंख्याच्या थर्मोस्विचला समांतर एक रिले आणि हातातलं बटण लावा. भरलेल्या फेरीच्या आधीच पंखा चालू करता येईल, आणि स्विच गेला तरी अडणार नाही. पंख्याची वायर बटणातून थेट नेऊ नका, करंट रिलेतूनच जाऊ दे.

माणदेशी
बागाईतदार, त्या लगचा फोटो टाका की. आटपाडीकडं आमच्या मित्राच्या गाडीलाही हेच करायचंय, पण तिच्या थर्मोस्टॅट हाउसिंगचे बोल्ट ६ मिलिमीटरचे आहेत. चालतील का?

बागाईतदार_तासगाव
माझेही सहाचेच आहेत. ६ चं भोक असलेलं लग घ्या, मोठ्या भोकाचं घेऊन वॉशर लावू नका, उष्णता नीट पोचत नाही. बोल्ट टॉर्क रेंचनंच आवळा, ॲल्युमिनियममधले सहाचे आटे पटकन जातात. फोटो उद्या उजेडात काढून टाकतो.